सरहद्द मंडळाचं विरजण

प्लेनो

टेक्सासमधल्या माझ्या पहिल्या सकाळी मी एका इतिहास मंडळाची सर्वांत जुनी मालमत्ता खाल्ली. खोबऱ्याच्या चटणीशी खाल्ली. चार आंबोळ्या झाल्यावर काकूंनी विचारलं, "अजून एक घालू?" आणि मी हो म्हटलं.

मी ज्यांच्याकडे उतरले होते ते विजयकाका म्हणजे बाबांचे तरुणपणीचे मित्र. नागपुरात दोघांनी मिळून चळवळीची पत्रकं छापली, वाटली, भिंतींना चिकटवली. बाबा तेच करत राहिले. आमच्या घरी माझ्या बारशाचं निमंत्रणसुद्धा पत्रकासारखंच निघालं होतं, 'आपले नम्र'च्या वर तीन मागण्या होत्या. काका संगणकाच्या वाटेने आधी पुण्याला आणि मग प्लेनोला गेले. आता त्यांना तिथे वीस-बावीस वर्षं झाली. शैलाकाकू मूळच्या सावंतवाडीच्या.

प्लेनोबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. घरं मोठी, रस्ते त्याहून मोठे आणि त्यांच्यामध्ये चालणारं माणूस नाही. मी पायी फिरायला निघाले तर एका बाईंनी गाडी थांबवून, मदत हवी आहे का, असं विचारलं. कंपन्यांच्या इमारती तळ्यांच्या काठी आहेत आणि तळीही कंपन्यांनीच खोदलेली आहेत. इथे पूर्वी काय होतं, असं काकूंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही आलो तेव्हा शेत होतं बहुतेक. की मॉल होता?"

काकांना मात्र ह्याच प्रश्नाने पछाडलेलं आहे. म्हणून ते गावातल्या एका मंडळात जातात. पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या अमेरिकेच्या सरहद्दीचा इतिहास, हा त्या मंडळाचा विषय. सभासद बहुतेक निवृत्त आणि गोरे. महिन्यातून एकदा एकत्र जेवतात, एकजण निबंध वाचतो, बाकीचे त्यातल्या चुका काढतात. वर्षातून एकदा जुनी स्वयंपाकाची गाडी माळावर नेतात आणि शाळेतल्या मुलांना त्या काळासारखं जेवण रांधून घालतात. ही गाडी म्हणजे गुराख्यांच्या तांड्याबरोबर फिरणारं स्वयंपाकघर: मागे फळ्यांचं कपाट, पुढे टांग्यासारखी बैठक.

काका चार वर्षं तिथे 'पाहुणे' होते. पाहुण्याने भांडी घासायची, लाकडं फोडायची, मागच्या रांगेत बसायचं. शेवटची पायरी म्हणजे एक हंगामभर मंडळाचं विरजण सांभाळायचं. विरजण हा माझा शब्द. ते आहे मैद्याचं आंबवलेलं पीठ. त्यातलं थोडं काढून पाव करायचे, उरलेल्यात पुन्हा मैदा आणि पाणी घालायचं, की ते वाढतं. मंडळातल्या क्लाइड नावाच्या सभासदाचे पणजोबा ह्या भागात आले तेव्हा त्यांच्या गाडीतून ते आलं, आणि तेव्हापासून कधी मेलं नाही, असं मंडळ मानतं. शनिवारी माळावर ते परत द्यायचं होतं आणि तिथेच काकांना सभासद करून घेण्यावर मतदान होतं.

ते पीठ चिनीमातीच्या बरणीत आलं होतं. बरणी फ्रीजमध्ये मावेना, म्हणून काकांनी ते दह्याच्या रिकाम्या डब्यात ओतलं. अमेरिकेतल्या मराठी घरांत दह्याचे मोठे डबे कधी टाकत नाहीत आणि त्यांत दही कधी नसतं. आमटी असते, साखर असते, कोथिंबीर असते. वर काही लिहिलेलं नसतं.

मी पाचवी आंबोळी खात असताना काका आले. त्यांनी फ्रीज उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

"शैला, इथला दह्याचा डबा?"

"कुठला? सगळे दह्याचेच आहेत."

"खालच्या कप्प्यातला. मोठा."

"ते पीठ? संपलं."

"संपलं म्हणजे?"

"म्हणजे ही खातेय ना."

काकांनी माझ्या ताटलीकडे पाहिलं. मी घास खाली ठेवला. काकूंचं म्हणणं सरळ होतं. घरात दिवसभर एसी, त्यामुळे त्यांचं तांदूळ-उडदाचं पीठ काही आंबेना. पाहुणी यायची होती. डबा उघडला तर छान आंबट वास आला. त्यांना वाटलं, काकांनी कुणाकडून तरी इडलीचं पीठ आणलंय. घातलं त्यात.

"सगळं?"

"मग अर्धं ठेवून काय करायचं होतं?"

काका खुर्चीवर बसले. "मेलं," ते म्हणाले. "गृहयुद्धात मेलं नाही, दुष्काळात मेलं नाही. आपल्या घरी येऊन मेलं."

"मेलं कुठे? वाटीभर ठेवलंय की मी, पुढच्या वेळच्या पिठात घालायला," काकू म्हणाल्या. "विरजण काय कोणी पूर्ण संपवतं का, अहो?"

त्यांनी वाटी दाखवली. त्या वाटीत आता मैदा होता, तांदूळ होता, उडीद होता, मेथीदाणाही होता. काकांनी त्यात मैदा आणि पाणी घालून ते डब्यात ओतलं, एसी बंद केला आणि ऑफिसला फोन करून सांगितलं की आज घरून काम करतो.

संध्याकाळपर्यंत डब्याचं झाकण उडालं होतं. उडदाने त्या पिठात असा काही जीव आणला होता की काकूंनी ओट्यावर जुनी चादर अंथरली.

मग आमच्यात वाद झाला. माझं म्हणणं एकच होतं: सांगून टाका.

"सांगायचं काय आहे त्यात?" काका म्हणाले. "तेच पीठ आहे. थोडं मिक्स झालंय, बस."

"थोडंच आहे तर सांगायला अडचण काय?"

"तू अगदी बापावर गेली आहेस."

"तुम्हीही त्याच गल्लीतले ना, काका?"

त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हे बघ, ऑफिसात मला सगळे ओळखतात. ऑफिसबाहेर मला इथे कोणी ओळखत नाही. इतकी वर्षं ज्या जमिनीवर राहतो तिचं मला काही माहीत नव्हतं. ह्या लोकांना विचारलं तर त्यांनी सांगितलं. ओढा कुठे होता, रान कुठवर होतं. चार वर्षं भांडी घासली मी, यार. एका डब्यापायी सगळं घालवू?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते पत्रकातलं होतं.

मासिक जेवण

गुरुवारी काका मला मंडळाच्या जेवणाला घेऊन गेले. एका बार्बेक्यू हॉटेलची मागची खोली. भिंतीवर शिंगं, टेबलावर कागदाच्या ताटल्या. ताटात धुरावर भाजलेलं गोमांस, राजम्यासारखे घेवडे, कच्चा कांदा आणि दुकानातला पांढरा पाव. काका घेवडे आणि कांदा खातात. त्यांना ते कोणी विचारत नाही, आणि तेही सांगत नाहीत.

अध्यक्ष आहेत बर्निस. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. गाडीची चूलही त्याच सांभाळतात. त्यांच्या शेजारी क्लाइड, पंचाहत्तरीचे, खांदे पडलेले, हॅट काढल्यावर कपाळाचा वरचा भाग एकदम पांढरा दिसणारे. गाडी त्यांच्या घराण्याची.

त्या दिवशीचा निबंध गाडीच्या चाकांवर होता. कोरड्या हवेत चाकाचं लाकूड आकसतं, त्यावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, सैल होते, म्हणून चाकं ओढ्यात भिजत घालायची. हे आमच्याकडे कोणत्याही गाडीवानाला माहीत असायचं, पण त्यावर कोणी अर्धा तास बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि सगळे कान देऊन ऐकत होते हेही खरं.

शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली. मी हात वर केला. काकांनी डोळे मिटले.

"तुम्ही सगळे सरहद्द म्हणता," मी म्हटलं, "पण ती तुमच्या बाजूने सरहद्द. पलीकडच्यांसाठी ते त्यांचं अंगण होतं. त्या अंगणाबद्दल आज कोणी एक शब्द बोललं नाही."

कोणी रागावलं नाही. बर्निसनी विचारलं, "तुझा आधार?"

मंडळाचा हा नियम आहे. आधार सांगा, नाहीतर खाली बसा. त्या थांबल्या. खरोखरच उत्तराची वाट पाहत होत्या. माझ्याकडे संताप होता आणि बाबांच्या छापखान्यातली चांगली पाच-सहा वाक्यं होती. ह्या काउंटीतलं एक गाव, एक ओढा, एक साल माझ्याकडे नव्हतं. मी खाली बसले. क्लाइड माझ्याकडे वाकून म्हणाले, "पीच कॉबलर घे. इथला चांगला असतो." गरम पीचवर पावाचा थर आणि वर आइस्क्रीम. तो खरोखरच चांगला होता.

घरी जाताना काका म्हणाले, "शनिवारी तू बोलायचं नाही. शब्द दे."

मी शब्द दिला.

माळावर

शनिवारी आम्ही पश्चिमेला गेलो. शहर संपायला बराच वेळ लागतो. मग एकदम संपतं आणि फक्त आकाश राहतं. जमीन लाल, गवत कमरेइतकं आणि तांबूस. मधूनमधून मेस्किटची झाडं. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला माजते ती वेडी बाभूळ ह्याच कुळातली, मूळची अमेरिका खंडातलीच. आम्ही तिला शिव्या देतो, हे लोकही देतात, आणि दोन्हीकडे सरपण तिचंच.

गाडी एका ओढ्याकाठी उभी होती. चूल म्हणजे जमिनीतला चर, त्यात निखारे. जाड बिडाची भांडी, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे, आपल्याकडे भाज्यांचं भानोलं भाजायचे तसे. मी पाहायला पुढे गेले तर बर्निस ओरडल्या, "वाऱ्याकडून येऊ नकोस!" वाऱ्याच्या बाजूने चुलीशी गेलं तर पायांची धूळ जेवणात पडते. गुराख्यांच्या तळावर ह्या चुकीला माफी नसे म्हणे. मी लांबून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले. हा नियम मला आवडला. कोण येतंय ह्याच्याशी त्याला कर्तव्य नाही, कुठून येतंय एवढंच तो पाहतो.

गाडीच्या बाजूला एक लाकडी पाटी टांगली होती. पांढऱ्या रंगातली अक्षरं वळणदार आणि जुनी. क्लाइडच्या आईने ती रंगवली होती. तिच्यावर होतं: ह्या गाडीतून आणि ह्याच विरजणाच्या पावावर पहिली कुटुंबं रिकाम्या माळावर आली. मुलं आली की बर्निस ही पाटी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतात.

मी पाटी वाचली आणि ओढ्याकडे पाहत उभी राहिले. शब्द दिला होता.

काकांनी पीठ पुन्हा बरणीत घातलं होतं. बर्निसनी झाकण काढलं, नाक खाली नेलं, बोट बुडवून चाटलं.

"विजय, ह्याला काय खायला घालत होतास?"

अजून मुलं आलेली नव्हती. मंडळी कॉफीचे कप घेऊन उभी होती. 'मैदा' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. काका आपल्या टोपीशी चाळा करत राहिले.

"बर्निस," ते म्हणाले, "माझ्या बायकोने ह्याचे पॅनकेक केले."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. दह्याचा डबा, एसी, वाटी, उडीद. मेथीला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना आठवेना. ते मी सांगितलं. शब्द मोडला असं मी मानत नाही.

बर्निस हसायला लागल्या. गाडीला धरून हसल्या. बाकीचेही हसले. एकाने काकूंना पुढच्या वर्षी चुलीवर बोलवा असं सुचवलं. क्लाइड हसले नाहीत.

"मग हे ते नाही," ते म्हणाले.

"ह्यात ते आहे," बर्निस म्हणाल्या. "बाकीचं नंतर आलंय."

"आधी तो मैदा होता. आता त्यात डाळी आहेत."

"दर आठवड्याला त्यात नवा मैदा पडतो, क्लाइड. तुझ्या पणजीच्या हातचा कण आता ह्यात कुठला?"

हा वाद बराच चालला. एक गृहस्थ जैविक बाजूने बोलले, दुसरे कायद्याच्या. पावाच्या वंशावळीबद्दल माणसं किती काटेकोर असू शकतात ते मी पाहत होते, आणि जमिनीबद्दल हीच माणसं गुरुवारी पाच मिनिटांत कॉबलरवर आली होती, हे मला आठवत होतं. मी ओढ्याकडेच पाहत राहिले.

शेवटी क्लाइड म्हणाले, "पीठ वापरा. माझी हरकत नाही. पण पाटीवर 'ह्याच विरजणाच्या' लिहिलंय, आणि ते आता खरं नाही. माझ्या आईची पाटी मुलांसमोर खोटं बोलणार नाही."

बर्निसनी मान डोलावली. खडू आणून काकांच्या हातात दिला. त्यांनीच बिघडवलं, त्यांनीच दुरुस्त करावं. काकांनी पाटीवर छोट्या अक्षरांत लिहिलं: आता ह्यात प्लेनोच्या एका बाईचे तांदूळ आणि उडीदही आहेत. ते वाचून क्लाइड 'ठीक' म्हणाले. बर्निस ते पीठ आणि मैदा परातीत घेऊन पावाची कणीक मळायला लागल्या.

खडू अजून काकांच्या हातात होता. ते पाटीसमोरून हलेनात.

"क्लाइड," काका म्हणाले, "पाटी खोटी नको, तर मग हा शब्दही."

त्यांनी 'रिकाम्या'वर बोट ठेवलं.

मी ओढ्याकडून मान वळवली. मतदान अजून व्हायचं होतं. काकांचा आवाज बारीक झाला होता, पण ते थांबले नव्हते.

"तुझा आधार?" बर्निसनी विचारलं.

"तुम्हीच. मी पाहुणा म्हणून आलो त्या पहिल्या वर्षी तुम्ही निबंध वाचला होता. ह्याच ओढ्यावर इथल्या मूळच्या कोमांची लोकांचा तळ होता. जमीन मोजायला आलेल्या माणसाने त्यांच्या घोड्यांचे माग आणि चुली पाहून लिहून ठेवलं होतं. मी मागे भांडी घासत होतो. ऐकलं."

बर्निसनी कणीक आणखी दोनदा मळली. मग त्या म्हणाल्या, "आधार बरोबर आहे."

"तो रंग आहे," क्लाइड म्हणाले. "खडू नाही. पुसायचा कसा?" त्यांचा चेहरा लाल झाला होता. "आणि ते माझ्या आईचं अक्षर आहे."

"पुसणार नाही," बर्निस म्हणाल्या. त्यांनी परातीतून कणकेचा गोळा घेतला, चपटा केला आणि त्या एका शब्दावर दाबून बसवला. क्लाइड गाडीच्या घोड्यांकडे निघून गेले.

मुलं पिवळ्या बसमधून आली. पाटी वाचायची वेळ आली तेव्हा सगळी एका सुरात वाचत गेली आणि एका जागी अडखळली. पुढे उभ्या असलेल्या मुलीने विचारलं, "ह्याच्याखाली काय आहे?"

"चुकीचा शब्द," बर्निस म्हणाल्या.

"मग बरोबर शब्द कोणता?"

बर्निसनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि त्या मुलांना घेऊन ओढ्यापर्यंत गेल्या. तिथे काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. वारा उलटा होता. बऱ्याच वेळाने परत आल्या तेव्हा पाव खालून थोडे करपले होते. तरी मुलांनी काकवी लावून सगळे संपवले. ते पाव आमच्या पावापेक्षा जड आणि आंबट असतात. त्या दिवशीचे नेहमीपेक्षा हलके झाले होते, असं जुने सभासद म्हणाले.

बस गेल्यावर मतदान झालं. काकांना गाडीच्या पलीकडे उभं केलं. मंडळाची पद्धत अशी: सगळ्यांनी हॅट काढायची, आणि होकार असेल त्याने परत घालायची. एकमत लागतं. मी गाडीच्या अलीकडे असल्यामुळे मला दिसलं. हॅट्स एकेक करून डोक्यांवर गेल्या. क्लाइडची त्यांच्या हातात राहिली. त्यांनी ती छातीशी धरली होती, आणि कपाळाचा तो पांढरा भाग उन्हात होता.

बर्निसनी थोडा वेळ दिला. मग म्हणाल्या, "यंदा नाही."

काकांनी ऐकलं आणि ते भांडी घासायला बसले. मीही बसले. राखेने बिडाचं भांडं निघत नाही, घासून झाल्यावर तेलाचं बोट फिरवावं लागतं, हे त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. मला त्या क्षणी एक पत्रक लिहायचं होतं, ह्या मंडळावर, त्या हॅटवर. मी तेलाचं बोट फिरवलं.

क्लाइड स्वतःच आले.

"विजय, माझं तुझ्याशी वाकडं नाही," ते म्हणाले. "तू म्हणालास ते खरंच असेल. पण ती माझी आई होती. मला वसंतापर्यंत रागावू दे. वसंतात पुन्हा विचार."

"बरं," काका म्हणाले.

क्लाइड गाडीकडे गेले आणि खिशातला चाकू उघडला. त्यांनी पाटी उतरवून मांडीवर घेतली. दिवसभराच्या उन्हात कणकेचा तो गोळा फुगला होता. उडदाचाच गुण. तो पसरून शेजारच्या 'माळावर' ह्या शब्दावरही चढला होता. काकांचे हात भांड्यात थांबले. क्लाइड चाकूच्या टोकाने अक्षराच्या कडेकडेने कणीक काढत राहिले, रंगाला धक्का न लावता, आईचं एकेक वळण मोकळं करत. 'माळावर' पूर्ण दिसायला लागला. मग ते त्याच्या अलीकडच्या कणकेपाशी आले. चाकू तिथे थोडा वेळ थांबला. त्यांनी तो पँटला पुसला आणि मिटून खिशात ठेवला.

पाटी लांब आणि जड होती. त्यांनी एक टोक उचललं आणि मान न वळवता हाक मारली, "विजय, दुसरीकडून धर."

काका ओल्या हातांनी उठले.